मुलांना घेऊन दोन दिवस नाशकात: दवाखान्यापलीकडचं गुलशनाबाद

मालेगाव, मनमाड, येवल्याकडच्या आपल्या बहुतेक घरांत नाशिकची ओळख दोन-तीन कामांपुरती आहे. मोठा दवाखाना, कोर्टाची तारीख, फार तर लग्नाची खरेदी. मुलं सोबत असली तरी ती गाडीत किंवा दवाखान्याच्या बाकड्यावर बसून असतात. काम झालं की संध्याकाळच्या आत घर गाठायचं. मुंबई-भिवंडीकडची मंडळी तर गावी जाताना द्वारका सर्कलला चहापुरतीच थांबतात.

दुसरी एक अडचण कुणी बोलून दाखवत नाही, पण असते. नाशिक म्हणजे तीर्थक्षेत्र, कुंभमेळ्याचं गाव. तिथे आपण मुलांना काय दाखवणार? मुलांच्या मनातही हे कुठेतरी बसतंच. तिसरी-चौथीतलं मूल सरळ विचारतं, "अब्बा, नाशिकमध्ये आपलं काय आहे?" या प्रश्नाला "काही नाही, चल" असं उत्तर देऊन मोकळं होणं सोपं आहे. आम्ही दोन कुटुंबं, तीन ते नऊ वयाची चार मुलं आणि एक नानी असे शनिवार-रविवार नाशकात काढले, ते खरं तर या प्रश्नासाठी.

आधी हिशोब वेळेचा. लहान मुलांसोबत दिवसाला दोनच जागा होतात. एक दुपारच्या आत, दुसरी अस्रनंतर. मधला वेळ जेवण, जोहर आणि झोपेचा. टूरवाल्यांच्या यादीत एका दिवसात नऊ-दहा ठिकाणं असतात. त्या यादीमागे धावलं तर तीन वर्षांचं पोर चौथ्या ठिकाणी खांद्यावर झोपलेलं असतं आणि आई कुठेच काही पाहत नाही. मोसम म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मालेगावात ज्या घरी लूमची सुट्टी शुक्रवारी असते त्यांनी शुक्रवार-शनिवार धरला तरी चालेल. जुमा जुन्या नाशकात होऊन जातो.

मुक्काम द्वारका, सारडा सर्कल, वडाळा नाका या पट्ट्यात केला तर दोन गोष्टींची चिंता मिटते. मशीद जवळ आणि हलाल जेवण जवळ. मुंबई-आग्रा महामार्गही इथूनच जातो. गाडी नसेल तर मनमाडहून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस नाशिक रोडला सोडते. तिथून शहरात यायला महापालिकेची सिटीलिंक बस आहे, २०२१ पासून. रिक्षावाल्याशी आधी भाडं ठरवून घ्यावं, हे सांगायला नको.

नमाजबद्दलही निघण्याआधीच ठरवलेलं बरं. हनफी मसलकात साधारण ७७-७८ किलोमीटरच्या पुढचा सफर असेल तर मुसाफिराला कस्र आहे. जोहर, अस्र आणि इशाच्या चार फर्जऐवजी दोन, फजर आणि मगरीब जशीच्या तशी. मालेगावहून नाशिक शंभर किलोमीटरच्या वर आहे, मुंबई-पुण्याहून त्याहून लांब. म्हणजे या लोकांना कस्र लागू होते. पण स्थानिक इमामामागे पढलात तर पूर्ण चार पढायच्या. कोकणी कुटुंबं शाफई असतात, त्यांना सफरात जोहर-अस्र एकत्र पढायची सवलत आहे. आपल्या गावाचं अंतर नेमकं काठावर असेल तर निघण्याआधी आलिमांना विचारून घ्यावं. अडचण खरी असते ती बायकांची. सगळ्याच मशिदींत त्यांच्यासाठी जागा नसते, आणि फिरायच्या ठिकाणी तर वुजूच्या पाण्याचीही खात्री नाही. म्हणून जोहर खोलीवर आणि अस्र निघण्याआधी, असं आम्ही ठरवलं. बाप्यांनी मशिदीत जायचं आणि बायकांनी नमाज कुठे पढावी म्हणून गाडीत बसून राहायचं, हा जुना प्रकार थांबायला हवा.

शनिवारची सकाळ पांडवलेण्यांना द्यावी. महामार्गाला लागूनच डोंगर आहे. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारकाची बाग आणि बुद्धविहार आहे. फाळके इथल्याच त्र्यंबकचे, जन्म १८७०चा. १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला. वर जायला दोनेकशे पायऱ्या आहेत. बाबागाडी खालीच ठेवा. सकाळी आठ-साडेआठला चढायला लागलात तर चार वर्षांचं मूलही थांबत-थांबत अर्ध्या तासात पोचतं. आमच्या नानी दोनदा बसल्या, पण चढल्या. पाणी भरपूर घ्या, खाणं खालीच आटपा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. पावसाळ्यात डोंगर हिरवागार असतो, पण पायऱ्या ओल्या असतात. कडेवर मूल असेल तर तो मोह टाळावा.

नाव पांडवलेणी असलं तरी पांडवांशी त्यांचा संबंध नाही. ही बौद्ध लेणी आहेत, २४. शिलालेखांत डोंगराचं नाव त्रिरश्मी आहे. सगळ्यात जुनी लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची. आत बुद्धाच्या मूर्ती आहेत आणि अनेक बौद्ध कुटुंबं तिथे श्रद्धेने येतात. मुलांना पायथ्याशीच सांगून ठेवावं: ही त्यांच्या अदबीची जागा आहे, आवाज खाली, भिंतीला हात लावायचा नाही, कुठे चपला काढायला सांगितल्या तर काढायच्या. आपण पाहायला आलोय. आमच्यातल्या एका मुलीने विचारलंच, "मग पाहायचं तरी कशाला?" नानींनी उत्तर दिलं की जमिनीवर फिरून आधीच्या कौमांच्या खुणा पाहायला कुरआनातच सांगितलंय. यापुढे आम्हाला काही बोलायची गरज पडली नाही.

चोवीसच्या चोवीस लेणी पाहायचा अट्टहास नको. तीन पुरे. १८ नंबरचं चैत्यगृह मुलांना आवडतं, कारण आत उंच छत आणि खांबांच्या रांगा आहेत. ३ नंबरच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने लिहवून घेतलेला लेख आहे. मुलाच्या मृत्यूनंतर, नातवाच्या राज्यात तिने तो कोरवला. त्यात राजाच्या लढायांचं वर्णन आहेच, पण तो आईची सेवा कधी न चुकवणारा होता आणि प्रजेचं सुखदुःख आपलं मानणारा होता, हेही आहे. राजाच्या नावाआधी आईचं नाव येतं, हे मुलांना फार गमतीचं वाटतं.

पण आपल्या घरांसाठी सगळ्यात मोलाचं लेणं १० नंबरचं. क्षत्रप नहपान राजाच्या जावयाने, उषवदाताने ते दान दिलं. तिथल्या लेखात लिहिलंय की त्याने ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. श्रेणी म्हणजे संघटना समजा. एकीकडे २०००, महिना शेकडा एक दराने. दुसरीकडे १०००, महिना शेकडा पाऊण दराने. मूळ रक्कम मोडायची नाही. पहिल्या रकमेच्या उत्पन्नातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना कपड्यासाठी बारा-बारा कार्षापण द्यायचे. चौथीतल्या मुलाला तिथेच हिशोब करायला लावा. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, तेही दोनशे चाळीस. जवळपास १९०० वर्षांपूर्वी दगडात कोरलेला हिशोब पैशाला पैसा जुळतो. (व्याजाचा विषय निघाल्यावर मोठी मुलं "हे तर हराम ना?" म्हणणारच. ती चर्चा उतरताना करायला चांगली आहे.)

पण खरी गोष्ट वेगळीच. मोठी रक्कम ठेवायला राजाच्या जावयाला विश्वासाचे लोक मिळाले ते विणकर. मालेगावचे मोमीन विणकर १८५७ नंतर उत्तरेतून इथे आले, येवल्यात पैठणी विणली जाते, भिवंडीचं सांगायलाच नको. ज्या मुलाचे दादा लूमवर उभे राहून कान बहिरे करून बसलेत, त्या मुलाला हे कळायला हवं की या जिल्ह्यात विणकराचा शब्द राजघराण्याला चालत होता. रक्ताचं नातं जोडायची गरज नाही, कामाचं नातं पुरे.

आणखी एक. शेजारच्याच लेण्यांतल्या लेखांत 'नासिक' हे नावही सापडतं. नाकावरून नाशिक, शूर्पणखेचं नाक इथे कापलं गेलं, ही कथा मुलांनी शाळेत ऐकलेली असते. तीही त्यांना माहीत असू द्या आणि हेही दाखवा की नाव दगडावर किती जुनं आहे. १७ नंबरचं लेणं तर उत्तरेतून आलेल्या एका यवनाचं, म्हणजे ग्रीक वंशाच्या माणसाचं दान आहे. बाहेरून आलेल्या माणसांची नाशिकला तेव्हापासूनच सवय आहे.

दुपारी जेवून मुलं झोपवली की अस्रनंतर जुनं नाशिक. गाडी मुक्कामी ठेवून रिक्षाने या, गल्ल्या अरुंद आहेत. दूध बाजार, भद्रकाली, चौक मंडई, कोकणीपुरा हा सगळा चालत फिरायचा भाग. भांडी बाजारात तांब्या-पितळेची भांडी पाहायला मुलं हमखास थांबतात, नाशिक या कामासाठी पूर्वीपासून नावाजलेलं आहे. सराफ बाजारात पेशवेकालीन सरकारवाडा आहे. जोगवाड्यात हजरत सय्यद सादिक शाह हुसैनी यांचा दर्गा आहे, लोक बडी दर्गा म्हणतात. ज्यांचा मसलक दर्ग्याला जाण्याचा नाही त्यांनीही गल्लीतून जाताना मुलांना एवढं सांगावं की आपले लोक या शहरात कालपरवा आलेले नाहीत. ईदची नमाज होते ते शहाजहानी ईदगाह मैदान त्र्यंबक रोडला आहे, दुसऱ्या दिवशी जाताना दाखवता येईल.

तिथून गोदाघाट जवळ. आरतीच्या वेळी रामकुंडाच्या बाजूला गर्दी असते, लांबूनच पाहावं आणि भाविकांच्या वाटेत येऊ नये. मुलांचा हात सोडू नका, पायऱ्या शेवाळलेल्या असतात. घाटावर दुतोंड्या मारुती आहे. पुराच्या दिवसांत पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावरून सगळं नाशिक पूर मोजतं. सराफ्यातला सोनार असो की चौक मंडईतला बागवान, पावसाळ्यात प्रश्न एकच: मारुतीपर्यंत आलं का?

खाण्याचं थोडक्यात. नाशिकची मिसळ शाकाहारी असल्याने आपल्याला निर्धास्त. मुलांसाठी तर्री वेगळी मागा आणि दही जास्त. बिर्याणी-कबाबसाठी सारडा सर्कल आणि दूध बाजारकडेच वळा. पंचवटी आणि त्र्यंबककडे शाकाहारीच मिळतं, आणि मिळायला हवंही. सहलीच्या जाहिरातींत वायनरी पहिल्या नंबरला असते. ती आपल्या उपयोगाची नाही. द्राक्षं हवीत तर जानेवारीपासून रस्त्याकडेला पेट्या लागतात. फवारणी असते, मिठाच्या पाण्यात धुतल्याशिवाय मुलांच्या हातात देऊ नका.

रविवारची सकाळ अंजनेरीच्या नाणे संग्रहालयाची. त्र्यंबक रोडने वीसेक किलोमीटर. नाणेशास्त्राची संशोधन संस्था इथे १९८० साली सुरू झाली, तिचंच हे संग्रहालय. निघण्याआधी फोन करून वेळ विचारून घ्या. जाण्याआधी मुलांना एक गोष्ट सांगा. १९०६ साली सिन्नरजवळ जोगलटेंभीला तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. नाणी नहपानाची, त्याच १० नंबरच्या लेण्यातल्या उषवदाताच्या सासऱ्याची. पण त्यांतल्या निम्म्याहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. हरलेल्या राजाचा चेहरा खाली, जिंकलेल्याचं चिन्ह वर. नीट पाहिलं तर खालचं पुसलं गेलेलं नसतं. तो खजिना आता अनेक ठिकाणी विखुरला आहे, पण गोष्ट ऐकून गेलेली मुलं प्रत्येक नाण्यात खालचा चेहरा शोधायला लागतात.

मुघल नाण्यांची गंमत आणखी वेगळी. शहाजहानच्या रुपयावर एका बाजूला कलमा असतो. कायदा पढणाऱ्या सहा वर्षांच्या मुलालाही अक्षरं ओळखता येतात. औरंगजेबाने पुढे नाण्यावरचा कलमा बंद केला, तो भलत्या हातांत पडून बेअदबी होऊ नये म्हणून.

मुघलांच्या काळात नाशिकचं नाव होतं गुलशनाबाद, बागांचं शहर. अठराव्या शतकात पेशव्यांच्या अमलात नाशिक हे नाव पुन्हा रुळलं. पण टांकसाळीचं नाव लगेच गेलं नाही. मराठ्यांनी नाशकात पाडलेल्या रुपयांवर फारसी लिपी आहे, दिल्लीच्या बादशहाचं नाव आहे आणि टांकसाळ म्हणून गुलशनाबाद. राज्य मराठ्यांचं, नाव मुघल बादशहाचं, चांदी बाजारातली. तेव्हा कुणाला यात वावगं वाटलं नाही, कारण बाजारात तेच नाणं चालत होतं. "नाशिकमध्ये आपलं काय आहे?" या प्रश्नाचं उत्तर आम्ही नऊ वर्षांच्या पोराला एवढंच दिलं. त्याने वहीत गुलशनाबाद उर्दूत लिहिलं, खाली मराठीत नाशिक लिहिलं आणि आइस्क्रीम मागितलं.

येवला, छत्रपती संभाजीनगरकडे परतणाऱ्यांनी हिवाळ्यात एक थांबा जास्तीचा धरावा. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आहे. २०२०च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. नाशिकपासून चाळीसेक किलोमीटर. मनोऱ्यांवरून पाणपक्षी दिसतात, रोहितही येतात. पण पक्षी पाहायचे तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. जोहर पढून अंजनेरीहून निघालात तर अस्रच्या सुमारास पोचता. मुलांना भडक रंगाचे कपडे घालू नका, आणि मगरीबच्या आधी गाडीत बसा.