सूज न येणारी दाढ

रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी चालू असलेल्या मुलाची दाढ किडली, तरी गाल सुजेलच, पू धरेलच असे नाही. पू म्हणजे बव्हंशी जंतूंशी झुंजून मेलेल्या पांढऱ्या पेशी. त्याच घटल्या, तर पू कुठून होणार? कधी नुसता ताप येतो. एरवी दाढेपुरता राहणारा संसर्ग अशा मुलात रक्तात उतरून जिवावर बेतू शकतो. एचआयव्हीबाधित, किडनी बदललेली किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारी मुलेही कमीअधिक याच धोक्यात असतात.

म्हणून दातांचे काम केमोथेरपीआधी उरकायचे. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव राजाहून तालुक्याचे खामगाव जवळ; शासकीय दंत महाविद्यालय मात्र थेट छत्रपती संभाजीनगरला किंवा नागपूरला आणि कर्करोगासाठी अनेकांची धाव मुंबईच्या टाटा रुग्णालयाकडे. त्या धांदलीत दाताकडे कोण बघणार? पण न वाचणारी दाढ केमोथेरपीच्या 7 ते 10 दिवस आधी निघाली, तर जखम भरायला सवड मिळते. उपचार सुरू झाल्यावर रक्ताचा रिपोर्ट पाहूनच हात लावतात : न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी 1000 च्या खाली असल्या, तर तातडीची नसलेली कामे पुढे ढकलतात, प्लेटलेट 75,000 हून कमी असले, तर रक्तस्रावाची तयारी ठेवावी लागते.

घरात हमखास होणारी चूक वेगळीच. हिरडीतून रक्त दिसले की ब्रश बंद होतो. मग दातांवरचा थर साचतो, हिरडी आणखी फुगते, रक्त वाढते. पेशी कमी असतानाही मऊ ब्रश दिवसातून दोनदा फिरायलाच हवा. तोंड फारच आले असेल, तर डॉक्टरांना विचारून ओल्या गॉजने पुसावे. राखुंडी खरखरीत, मिसरी तर तंबाखूच, दोन्ही नकोत. फ्लोराइडची पेस्ट तिसऱ्या वर्षापर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी पुरे.

गोड सिरपांकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. तोंडातल्या बुरशीवरचे निस्टॅटिन तोंडात घोळवून ठेवायचे असते आणि त्यात बहुधा साखर असते! औषध थांबवायचे नाही. दातांची स्वच्छता वाढवायची.

केमोथेरपीतल्या व्हिन्क्रिस्टिन या औषधाने चांगल्या दाढेतही ठणका लागू शकतो. अशी दाढ उपटायची नसते, औषध थांबल्यावर दुखणे ओसरते. सहा वर्षांच्या आत केमोथेरपी झालेल्या मुलांत कायमच्या दातांची मुळे आखूड राहू शकतात, एखादा दात येतही नाही. त्यामुळे कर्करोग बरा झाल्यावरही दातांची तपासणी चालू ठेवावी लागते.