राजीनामा केव्हां द्यावा?

परदेशांतील नोकरीचें नेमणूकपत्र हातीं आलें म्हणजे गिरगांव-दादरच्या घरांत आनंदाला भरतें येतें. शेजारीं पेढे जातात, मोठ्या बॅगा विकत घेतल्या जातात, आणि त्याच उत्साहाच्या भरांत पुष्कळ तरुण चालू नोकरीचा राजीनामाहि लिहून मोकळे होतात. वास्तविक या शेवटच्या गोष्टीचाच सर्वांत अधिक विचार व्हावयास हवा. नेमणूक मिळणें आणि त्या देशांत पाऊल ठेवण्याची परवानगी मिळणें, या दोन अगदीं भिन्न गोष्टी होत.

नेमणूक देतो तो मालक. प्रवेश देतें तें सरकार. मालकाच्या शब्दानें सरकार बांधलें जात नाहीं. अमेरिकेचें उदाहरण घ्या. तेथील एच-१बी नांवाच्या व्हिशासाठीं प्रथम मालकानें आपल्या सरकारकडे अर्ज करावयाचा असतो. वर्षाकाठीं अशा सर्वसाधारण जागा ६५,००० व तेथील विद्यापीठांच्या उच्च पदवीधरांसाठीं आणखी २०,००० ठरलेल्या असून, अर्ज अधिक आल्यास सोडत काढण्यांत येते. अर्ज मंजूर झाला तरी व्हिसा मिळाला असें होत नाहीं. त्यानंतर वकिलातींत मुलाखत होते, आणि तेथील अधिकारी अधिक चौकशीसाठीं प्रकरण थांबवूं शकतो. ही चौकशी किती दिवस चालेल, हें कोणीहि आधीं सांगूं शकत नाहीं.

सरकारांचीं धोरणेंहि एकाएकीं पालटतात. २२ जून २०२० रोजीं अमेरिकेच्या अध्यक्षांनीं जाहीरनामा काढून एच-१बी व इतर कांहीं प्रकारच्या नव्या व्हिशांवरील प्रवेश वर्षअखेरपर्यंत रोखला. पुढें ही मुदत ३१ मार्च २०२१ पर्यंत वाढली. १९ सप्टेंबर २०२५ रोजीं निघालेल्या दुसऱ्या जाहीरनाम्यानें देशाबाहेरील उमेदवारासाठीं करावयाच्या नव्या अर्जावर १ लक्ष डॉलरची रक्कम लादली, व तिचा अंमल अवघ्या दोन दिवसांत सुरू झाला. अशा वेळीं ज्याची जुनी नोकरी कायम असते, त्याची निराशा होते खरी, पण पगार चालू राहतो. ज्यानें ती सोडलेली असते, त्याचें घरभाडें व कर्जाचे हप्ते मात्र कोणासाठीं थांबत नाहींत. लालबाग-परळच्या कुटुंबांना हें समजावून सांगावयास नको. जानेवारी १९८२ मध्यें सुरू झालेल्या गिरणी-संपानें बिनपगारी महिना म्हणजे काय, हें त्या वस्तीस पुरतें शिकविलें आहे.

तेव्हां नियम असा कीं, व्हिसा प्रत्यक्ष हातीं येईपर्यंत राजीनामा देऊं नये. पारपत्र परत येतांच व्हिशावरील नांव, जन्मतारीख, प्रकार आणि मुदत ताडून पाहावी, व मगच पत्र द्यावें. कांहीं देशांत आतां कागदाऐवजीं संगणकीय नोंद होते. तेथें ती नोंद तपासावी.

यावर एक रास्त अडचण पुढें येते. पुष्कळ कचेऱ्यांत राजीनाम्यानंतर एक ते तीन महिन्यांची मुदत भरून द्यावी लागते, आणि नवा मालक तर लौकर बोलावीत असतो. याचा उपाय आधींच करावयाचा असतो. नेमणूक स्वीकारतांनाच नव्या मालकास लेखी कळवावें कीं, रुजू होण्याची तारीख व्हिसा मिळाल्यापासून अमुक आठवड्यांनीं धरावी. जुन्या करारांत मुदतीऐवजीं पगार भरून मोकळें होण्याची सोय आहे काय, शिल्लक रजा मुदतींत वळती होते काय, हें वाचून ठेवावें. कायम नोकरास ग्रॅच्युइटीचा हक्क सामान्यतः सलग पांच वर्षांच्या सेवेनंतर येतो. ती तारीख जवळ असल्यास हिशेबांत धरावी. सरकारी नोकरानें राजीनामा मंजूर होईपर्यंत आपण मुक्त झालों असें समजूं नये.

घाईनें पत्र दिलेंच असेल, तर तें मागें घेण्याचा यत्न तांतडीनें करावा. पुढील तारखेपासून अमलांत यावयाचा राजीनामा त्या तारखेपूर्वीं परत घेतां येतो, हें तत्त्व सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं गोपालचंद्र मिश्र यांच्या प्रकरणांत मान्य केलें. तथापि कोर्टाची पायरी चढण्यापेक्षां पत्र उशिरां देणें केव्हांहि सोपें.

आखाती देशांकडे जाणाऱ्यांनीं आणखी एक सावधगिरी बाळगावी. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणें परदेशासाठीं नोकरभरती करणाऱ्या दलालास सरकारी परवाना लागतो. तो खरा कीं खोटा, हें सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहतां येतें. "आधीं नोकरी सोडा, व्हिसा मागाहून येईल," किंवा "पर्यटक म्हणून चला, पुढचें तेथें पाहूं," असें जो म्हणतो, त्याच्या वाऱ्यासहि उभें राहूं नये.

हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागूं नये, या म्हणीचा अर्थ परदेशीं जाऊंच नये असा नाहीं. व्हिसा चार आठवडे उशिरां आला, तर तेवढे दिवस चालू पगारावर निश्चिंतपणें काढतां येतात; आणि तो आलाच नाहीं, तर सोमवारीं सकाळीं नेहमींच्या गाडीनें कचेरीस जातां येतें.