प्लग लावणार कोण?

माझी भाची इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. रविवारी आमची जेवणं आटोपली की तिचा फोन येतो आणि त्यात एक तरी वैद्यकीय प्रश्न असतोच. मध्यंतरी मात्र प्रश्न आला तो गाडीचा. "मामा, याच्या कंपनीतून गाडी मिळतेय. पूर्ण इलेक्ट्रिक घ्यावी की प्लग-इन हायब्रीड? तू डॉक्टर म्हणून सांग."

गाडीबद्दल डॉक्टर म्हणून काय सांगायचं, असं मी म्हणणार, तेवढ्यात मागून नातवाचा खोकला ऐकू आला. सात वर्षांचा आहे. थंडी पडली की त्याची छाती वाजते. इन्हेलर चालू आहे. आणि त्यांचं घर शहरात शिरणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागून आहे. म्हटलं, आता बोलायलाच हवं.

आधी नावांचा गोंधळ दूर करू, कारण माझ्या ओपीडीतल्या सहकाऱ्यांमध्येही तो आहे. आपल्याकडे रस्त्यावर ज्या हायब्रीड गाड्या दिसतात, त्यांतल्या बहुतेक प्लगच्या नाहीत. त्यांची छोटी बॅटरी इंजिनावर आणि ब्रेक लावताना वाचलेल्या ऊर्जेवर भरते. म्हणजे मूळ अन्न पेट्रोलच. प्लग-इन हायब्रीडची बॅटरी त्याहून बरीच मोठी, साधारण दहा ते वीस युनिटची. (युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचं तेच.) ती भिंतीतल्या प्लगवर भरायची, तीस-चाळीस ते साठ-सत्तर किलोमीटर विजेवर जायचं आणि पुढे पेट्रोलचं इंजिन आहेच. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीत इंजिन नाही, पेट्रोलची टाकी नाही, धुराची नळी नाही. बॅटरी चाळीस-पन्नास युनिटची किंवा त्याहून मोठी.

जावईबापूंचा कल प्लग-इनकडे होता. "मामा, ऑफिसला जाताना विजेवर, स्कॉटलंडला जाताना पेट्रोलवर. दोन्ही हातांत लाडू." कंपनीच्या कागदावर गाडी शंभर किलोमीटरला जेमतेम दीड लिटर पेट्रोल पिते असं लिहिलेलं. एवढी मोठी गाडी आणि दीड लिटर! कागदावर तिच्याशी स्पर्धा करील अशी पेट्रोल गाडी नाही.

पण सरकारी रुग्णालयात पंचवीसेक वर्षं काढलेल्या माणसाचा कागदावर विश्वास कमी असतो. रक्तदाबाची उत्तम गोळी लिहून दिलेली, तीन महिन्यांनी पेशंट येतो तो १८०-११० घेऊन. पिशवीतून स्ट्रिप्स काढतो तर निम्म्या तशाच. गोळी चांगली होती, गेली नाही एवढंच. क्षयरोगाच्या 'डॉट्स' पद्धतीत आरोग्य कर्मचाऱ्यासमोर गोळ्या गिळायला लावायचा नियम आला तो याच अनुभवातून. औषध प्रयोगात किती गुणकारी ठरलं ते वेगळं आणि ते माणसाच्या घरात गेल्यावर काय होतं ते वेगळं.

प्लग-इन हायब्रीड ही अशी लिहून दिलेल्या गोळीसारखी गाडी आहे. रोज रात्री प्लग लावला तर गुण येतो. नाही लावला तरी गाडी अडत नाही, पेट्रोलवर मुकाट चालते, आणि गोम तिथेच आहे. इलेक्ट्रिक गाडीला ही पळवाट नाही. चार्ज केली नाही तर ती जागची हलत नाही.

हा माझा नुसता संशय नाही. युरोपात २०२१पासून नव्या गाड्यांमध्ये प्रत्यक्ष किती इंधन जळलं याची नोंद ठेवणारं मीटर गाडीतच असतं. त्या नोंदींचा अहवाल युरोपियन कमिशनने मार्च २०२४मध्ये प्रसिद्ध केला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांमधून प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत होता. प्लग-इन हायब्रीडमधून? सरासरी साडेतीन पट. प्रयोगशाळेने गृहीत धरलं होतं की लोक बहुतेक अंतर विजेवर कापतील. त्याआधी २०२२मध्ये आयसीसीटी या संशोधन संस्थेने युरोपातल्या गाड्यांचा अभ्यास केला होता. त्यात खासगी मालकांच्या प्लग-इन गाड्या निम्म्याहून थोडं कमी अंतर विजेवर धावत होत्या, आणि कंपनीने दिलेल्या गाड्या अवघं ११ ते १५ टक्के.

कंपनीच्या गाड्यांची ही दशा का, हे समजायला अर्थशास्त्र शिकायला नको. पेट्रोलचं कार्ड कंपनी देते, घरातल्या विजेचं बिल आपण भरतो. फुकटचं पेट्रोल समोर असताना पदरची वीज कोण जाळणार? ब्रिटनमध्ये मुदत संपून परत आलेल्या अशा काही गाड्यांच्या डिकीत चार्जिंगची केबल वेष्टनासकट सापडल्याच्या बातम्या आल्या होत्या. मला त्या वाचून आमच्या वॉर्डातली उशीखालची गोळ्यांची पाकिटं आठवली. तिथल्या सरकारने २०१८च्या अखेरीस प्लग-इन हायब्रीडवरचं अनुदानच बंद केलं.

मी जावईबापूंना विचारलं, "पेट्रोलचं कार्ड मिळणार?"

"हो, मिळणार ना."

"आणि घरी प्लग कुठे लावणार?"

तिकडे शांतता. त्यांचं घर एकाला एक चिकटलेल्या रांगेतलं. दार उघडलं की फूटपाथ. गाडी रात्री जागा मिळेल तिथे, कधी दारात, कधी चार घरं सोडून. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये पार्किंगच्या जागेवर मीटर कोणाचा यावरून जी भांडणं चालतात, त्यांचंच हे बिलायती रूप. अशा घरातली प्लग-इन हायब्रीड म्हणजे बॅटरी-मोटरचं दीड-दोनशे किलोचं ओझं वाहणारी पेट्रोल गाडी. दोन-तीन धडधाकट माणसं कायमची डिकीत बसवून फिरण्यासारखं.

आता नातवाच्या छातीकडे येतो. प्लग-इन जोवर विजेवर चालते तोवर तिच्या नळीतूनही काही येत नाही, हे मान्य. इंजिन सुरू होतं ते मात्र अनेकदा वाईट वेळी. धुराच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो. विषारी वायू निष्प्रभ करणारं हे उपकरण अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. साध्या गाडीत सकाळी इंजिन सुरू झाल्यावर तो हळूहळू तापतो. प्लग-इन हायब्रीड विजेवर शांतपणे चाललेली असते, ड्रायव्हर मोठ्या रस्त्याला लागताना ॲक्सिलरेटर दाबतो, आणि थंडगार इंजिनाला जागं होताक्षणीच जोर लावावा लागतो. काही मॉडेलांमध्ये तर कडाक्याच्या थंडीत नुसता हीटर लावला तरी इंजिन सुरू होतं. लेस्टरची थंडी मी अनुभवली आहे. तिथे हीटर लावतातच.

त्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकांचं अस्तर चिडवतो. दमा असलेल्या मुलाच्या नलिका आधीच चिडक्या असतात. लंडनच्या आग्नेय भागात, साउथ सर्क्युलर या गजबजलेल्या रस्त्याजवळ राहणारी एला अडू-किसी-देब्रा ही मुलगी फेब्रुवारी २०१३मध्ये तीव्र दम्याने गेली. नऊ वर्षांची होती. तिच्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि डिसेंबर २०२०मध्ये कॉरोनरने तिच्या मृत्यूच्या कारणांमध्ये हवेचं प्रदूषण नोंदवलं. ब्रिटनमधली अशी ती पहिलीच नोंद. मी आजवर असंख्य मृत्यूचे दाखले लिहिले आहेत. रोगाचं नाव लिहितो, रस्त्याचं नाव लिहायला रकानाच नसतो.

इलेक्ट्रिक गाडी घेतली म्हणजे हवा स्वच्छ झाली असंही नाही. टायर झिजतात, त्यांचे सूक्ष्म कण उडतात, आणि बॅटरीमुळे गाडी जड असल्याने ते थोडे जास्तच. ब्रेकची धूळ मात्र कमी, कारण वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते. मग प्रश्न येतो विजेचा. दोन वर्षांपूर्वी लेस्टरहून नॉटिंगहॅमला जाताना ट्रेनमधून रॅटक्लिफच्या कोळशाच्या वीजकेंद्राचे आठ प्रचंड शीतमनोरे दिसले होते. ३० सप्टेंबर २०२४ला ते केंद्र बंद झालं, आणि लंडनमध्ये १८८२ साली सुरू झालेली कोळशाच्या विजेची ब्रिटनमधली कहाणी संपली. आपल्याकडे चंद्रपूर, कोराडीची धुराडी चालू आहेत. आपल्या देशातल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शंभर किलोमीटरला सतरा युनिट धरले तर बारा किलो. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी तेवढ्याच अंतराला पंधरा किलो सोडते. म्हणजे आपल्याकडेही इलेक्ट्रिक सरस, पण फार नाही. चंद्रपूरकरांनी हे गणित ऐकून मला दोन शब्द सुनावले तर त्यांचं चुकलं म्हणता येणार नाही.

जाता जाता, पेसमेकर बसवलेले पेशंट मला हमखास विचारतात म्हणून सांगतो. म्युनिकच्या डॉक्टरांनी पेसमेकर किंवा तत्सम उपकरण असलेल्या १०८ जणांना चार वेगवेगळ्या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये बसवून, गाडी चार्ज करायला लावून तपासलं. एकाच्याही उपकरणात बिघाड आढळला नाही. तो अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा निर्धास्त बसा.

इलेक्ट्रिकच्या अडचणी मी जावईबापूंपासून लपवल्या नाहीत. थंडीत एका चार्जमध्ये जाणारं अंतर वीस-तीस टक्क्यांनी घटू शकतं. रस्त्यावरचं चार्जिंग महाग पडतं. तिथे घरच्या विजेवर ५ टक्के कर आणि सार्वजनिक चार्जरवर २०. ज्याच्याकडे हक्काचा प्लग आहे, रोजचं जाणं-येणं चाळीसेक किलोमीटर आहे, महिन्यातून एकदा आडबाजूच्या गावी जायचं असतं आणि जो न चुकता रात्री केबल लावतो, त्याच्यासाठी प्लग-इन ही उत्तम गाडी आहे. असे पेशंटही असतात. डबीत वारांप्रमाणे गोळ्या भरून ठेवणारे. थोडे असतात. मी जावईबापूंना दोन आठवडे गाडीचे रोजचे किलोमीटर लिहून ठेवायला सांगितले आणि तेवढ्यात ऑफिसच्या आवारात चार्जर आहेत का ते बघायला सांगितलं.

दोन रविवारांनी फोन आला. रोजचे सरासरी ३४ किलोमीटर. ऑफिसात सहा चार्जर, त्यांतले दोन कायम रिकामे. स्कॉटलंडला गेल्या तीन वर्षांत एकदाच जाणं झालं होतं. इलेक्ट्रिक ठरली.

"मग मामा, याचा खोकला कमी होईल ना?" भाचीने विचारलं.

मी म्हटलं, तुमच्या एका गाडीने रस्त्यावरची हवा बदलत नाही. कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात, हजार लोकांमागे अशा वीस गाड्या वाढल्या त्या भागांत दम्यासाठी इमर्जन्सीत येण्याचं प्रमाण सुमारे ३ टक्क्यांनी कमी आढळलं, आणि त्या मोजणीत प्लग-इन हायब्रीडही धरल्या होत्या. संबंध दिसला, एवढंच त्यातून म्हणता येतं. तोवर आपल्या हातातलं औषध म्हणजे त्याचा रोजचा इन्हेलर.

"तो रोज देतेस ना? खोकला नसतानाही?"

पुन्हा शांतता.

"सकाळी शाळेची गडबड असते मामा. बरा असला की राहून जातं कधीकधी."

"त्या इन्हेलरच्या पाठीमागे बारीक आकडा असतो बघ. किती उरलेत?"

ती उठून गेली, ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. दोनशे डोसांचा तो इन्हेलर दोन महिन्यांपूर्वी आणलेला. रोजचे चार याप्रमाणे केव्हाच संपायला हवा होता.

"एकशे बारा," ती म्हणाली.