शतमक म्हणजे शेकडेवारी नव्हे

इंदुरात 1996 साली भारतीय प्रबंध संस्थान स्थापन झाले. तेथील प्रवेशासाठी द्यावयाच्या 'कॅट' परीक्षेचे नाव आता घरोघरी परिचित आहे. तिच्या गुणपत्रकाचा अर्थ मात्र अद्यापि चुकीचा लावला जातो. 99 शतमक म्हणजे शंभरांपैकी 99 गुण नव्हेत. सुमारे 99 टक्के परीक्षार्थी आपल्या मागे आहेत, एवढेच ते सांगते. परीक्षार्थी दोन लाख धरले, तर पुढे दोन हजार उरतातच! शिवाय भाषा, तर्क व गणित या विभागांचे शतमक वेगवेगळे पाहिले जाते. गणितात निष्णात मुलगा इंग्रजी उताऱ्यांत अडतो, तो येथेच. बरोबर उत्तरास 3 गुण, बहुपर्यायी प्रश्न चुकल्यास 1 वजा. तेव्हा प्रश्न सोडून देण्याचीही विद्या शिकावी. सराव-परीक्षेनंतर उत्तर अज्ञानाने चुकले की घाईने, हे आधी ताडून पाहावे.