गडी फुटला म्हणे

होळी होऊन गेली, गहू-हरभरा घरात आला, शेतातल्या पऱ्हाट्या उपटून झाल्या की शिंदखेडा तालुक्यातल्या गावांना बोलायला एक विषय मिळतो. कुणाचा सालदार कुणाकडे चालला? कापसाचा भाव, लग्नाच्या तिथी, बुराईच्या कोरड्या पात्राची चर्चा, सगळं या विषयाच्या मागे जातं. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं लागतं. अक्षय्य तृतीयेचा हा दिवस खान्देशात दिवाळीच्या तोडीचा. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके लागतात, पितरांची घागर भरली जाते, सांजोऱ्या आणि आमरस होतो, आणि एरवी पत्त्यांवरून शिव्या खाणारे पुरुष त्या दिवशी भर ओट्यावर डाव मांडतात. त्याच ओट्यावर कुठेतरी एका बाजूला वर्षभराच्या माणसाचा सौदाही मिटत असतो. त्या सौद्याची कुजबुज मात्र दीड महिना आधीपासूनची.

पाहुण्याला वाटतं, सालदार म्हणजे शेतावरचा मजूर. रोजंदारीचा मजूर सकाळी येतो, संध्याकाळी पैसे घेऊन जातो, त्याला वखर कुठे ठेवला हेसुद्धा ठाऊक नसतं. सालदाराला शेत पाठ असतं. आमच्या जिभाऊंकडे, म्हणजे माझ्या थोरल्या काकांकडे, जो सालदार होता त्याचं नाव इथे घालत नाही. तालुक्यात त्याला ओळखणारे पुष्कळ आहेत. मोटर सुरू केली की हा विहिरीच्या काठावर न जाता गोठ्यातूनच सांगायचा की पाणी कितीसं उरलंय. मोटरचा आवाज जरा पातळ झाला की हातातली पेंडी खाली टाकून हा स्टार्टरकडे चालू लागे. मी एकदा मुद्दाम त्याच्याबरोबर ठिबक तपासायला गेलो. कापसाच्या ओळीतून तो अनवाणी चालत होता, खाली बघतसुद्धा नव्हता. मध्येच थांबला, वाकला, नळी उचलली. उंदराने कुरतडलेली होती. कसं कळलं म्हणून विचारलं तर म्हणाला, इथली माती पायाला जास्त गार लागली. खिशातून जोडणी काढली, दाताने नळी साफ केली, दाबून बसवली आणि पुढे निघाला. हे शिकवून येत नाही आणि पैसे देऊन एका दिवसात विकतही मिळत नाही, म्हणूनच ज्याच्याकडे असा माणूस असतो त्याच्या ओट्यावर शेजाऱ्यांचं लक्ष असतं.

यंदा होळीनंतर आठवड्याभरातच बातमी आली की जिभाऊंचा गडी फुटला. दाढीच्या दुकानात ऐकलं की दोंडाईच्याच्या एका मिरची व्यापाऱ्याने त्याला लाखाच्या वर बोली लावली. कृषी केंद्रावर कळलं की व्यापारी नाही, बेटावदकडचा बागाईतदार आहे, आणि इसारही देऊन झाला. दूध घालायला गेलो तर तिथे तिसरंच, तो शेतीच सोडून नरडाण्याच्या एमआयडीसीत लागतोय. संध्याकाळी चौथी आवृत्ती आली की तो सुरतेला साल्याकडे चालला. शिंदखेड्याला रेल्वेत बसलं की तापीच्या कडेकडेने गाडी थेट सुरतेला जाते, त्यामुळे इकडचा कुणीही माणूस दोन दिवस दिसला नाही की तो सुरतेला गेला असं धरून चालतात. तो त्या वेळी आमच्याच गोठ्यात कुट्टी करत होता. मी विचारलं तर हसला. ‘आखाजीले दखसूत,’ एवढंच म्हणाला.

पुण्याहून आलेला माझा भाचा हे सगळं ऐकून फारच खूश झाला. तो रात्री जागून अमेरिकेतलं बास्केटबॉल पाहणारा. त्याचं म्हणणं, हे तर तिकडचंच आहे. तिथे तीस संघांची एनबीए. खेळाडूचा करार संपत आला की तो कुठे जाणार याच्या वावड्या महिनोन् महिने उडतात. फेब्रुवारीत अदलाबदलीची मुदत संपते. तोवर संघमालकासमोर प्रश्न असतो की उन्हाळ्यात हा फुकट सुटून जाण्यापेक्षा आत्ताच दुसऱ्याला देऊन त्याच्या बदल्यात काही घ्यावं का. जूनअखेर करार संपला की खेळाडू मोकळा. 2010 च्या जुलैत लेब्रॉन जेम्सने टीव्हीवर बसून क्लीव्हलंड सोडून मायामीला जात असल्याचं जाहीर केलं, तेव्हा क्लीव्हलंडच्या लोकांनी त्याच्या नावाच्या जर्सी रस्त्यावर जाळल्या. आमच्याकडे जाळायला जर्सी नाही, पण सोडून गेलेल्या सालदाराबद्दल जिभाऊंच्या पिढीची माणसं जे बोलतात ते ऐकलं तर जाळण्याइतकंच झोंबेल.

भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यात राहिली. 2025 च्या फेब्रुवारीत डॅलसने आपला लुका डॉनचिच लॉस एंजेलिसच्या लेकर्सना देऊन टाकला आणि त्याआधी कुठे चकार शब्द फुटला नव्हता. वर्षानुवर्षं अफवांवर पोट भरणारे पत्रकारसुद्धा बातमी खोटी समजले. म्हणजे ज्याची दवंडी पिटली जाते त्याचं काहीच होत नाही, आणि जे होतं ते गुपचूप. शिंदखेड्यातही मला हेच दिसतं. टपरीवर ज्याचं नाव गाजतं तो बहुधा तिथेच राहतो. ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही त्याचं गाठोडं आखाजीच्या पहाटे ट्रॅक्टरवर चढलेलं असतं.

मग या वावड्या उठतात कुठून? मी थोडा माग काढला. बेटावदची गोष्ट सालदाराच्या बायकोने पाणी भरताना दोघीतिघींना सांगितली होती, आणि ती जिभाऊंच्या घरात पोचावी म्हणूनच सांगितली होती. व्यापाऱ्याची गोष्ट जिभाऊंच्या भाऊबंदांपैकी एकाने सोडली. त्याला स्वतःलाच हा गडी हवा होता, आणि भाव वर गेला की जिभाऊ हात आखडतील असा त्याचा हिशेब. एमआयडीसीची गोष्ट मात्र, आता सांगायला हरकत नाही, जिभाऊंचीच. गडी जाणारच आहे, आपल्याला फारशी गरज नाही, असं गावात पसरलं की मागणी जरा खाली येते. एका माणसाच्या मजुरीभोवती तीन घरं तीन बातम्या सांभाळत होती, आणि तिघांनाही एकमेकांच्या डावाची पुरती कल्पना होती. गडी फोडणं गावात पाप मानतात. चालू सालात दुसऱ्याच्या सालदाराशी समोरासमोर बोलणं तर फारच वाईट. म्हणून सगळं बायका, साले, दूधवाले यांच्यामार्फत चालतं. तिकडच्या लीगमध्येही कराराखालच्या खेळाडूशी दुसऱ्या संघाने बोलायला बंदी आहे, पकडलं तर दंड होतो. तिथेही साले असतीलच.

आपल्या प्रो-कबड्डीत हा पेचच नाही. तिथे संघ ठेवून घेतो, नाहीतर खेळाडू लिलावात जातो. 2019 मध्ये कोल्हापूरकडच्या सिद्धार्थ देसाईवर तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाखांची बोली लावली. पैसा मोठा, पण कुठे जायचं हे त्याच्या हातात नव्हतं. त्या मानाने आमचा सालदार लेब्रॉनच्या जास्त जवळचा. मात्र तो पूर्ण मोकळा असेल तरच.

आणि खरी मेख इथेच आहे. सालदार वर्षाच्या सुरुवातीला उचल घेतो. लग्न, दवाखाना, घराचे पत्रे, जे निघेल ते. वर्ष संपताना ती फिटली नाही तर पुढचं साल त्याच मालकाकडे. किंवा नवा मालक जुन्याची बाकी चुकती करतो आणि माणूस घेऊन जातो. बाकी नव्या वहीवर चढते. टपरीवर कुणी म्हणतं, अमक्याने तमक्याचा गडी सोडवला. ऐकायला उपकार वाटतो. मला त्यात अदलाबदलच दिसते, फक्त बदल्यात खेळाडूऐवजी कर्ज दिलं जातं. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा 1976 चा. कर्जापोटी माणसाला कामाला बांधून ठेवणं तेव्हापासून गुन्हा आहे. त्याच 1976 साली अमेरिकेत ऑस्कर रॉबर्टसन या खेळाडूने 1970 पासून लीगविरुद्ध चालवलेला दावा तडजोडीने मिटला आणि करार संपलेल्या खेळाडूंना मोकळं होण्याची वाट उघडली. तिकडे पुढे वकील, एजंट, संघटना आल्या. इकडे कायदा पुस्तकात राहिला आणि उचलीची वही ओट्यावर. चांगला मालक आणि वाईट मालक असा फरक करून आम्ही शेतकरी कुटुंबं स्वतःची समजूत घालतो. वही मात्र दोघांचीही सारखीच असते.

यंदा आखाजीच्या हिशेबाला मी बसलो होतो. जिभाऊंनी भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढलं. ज्या दिवशी गडी आला नाही त्या तारखेभोवती निळा गोल. याला खाडा म्हणतात. जितके खाडे तितके पैसे वजा, नाहीतर तितके दिवस आखाजीनंतर भरून द्यायचे. जिभाऊ गोल मोजू लागले. सालदाराची नववीतली मुलगी बापाच्या मागे उभी होती. तिने मोबाइल पुढे केला. दर महिन्याच्या शेवटी ती याच कॅलेंडरच्या पानाचा फोटो काढून ठेवत होती, आणि तिच्या फोटोत सप्टेंबरमध्ये जे दोन गोल नव्हते ते आता भिंतीवरच्या पानावर होते. ओटा एकदम गप्प झाला. जिभाऊ चष्मा पुसत म्हणाले, नातवाने पेन फिरवलं असेल. ते दोन दिवस सुटले. मुलीने फोन खिशात ठेवला आणि पुढे एक शब्द बोलली नाही.

मग नव्या सालाची बोली. त्यात आणखी एक बारकावा निघाला तो धोंड्याच्या महिन्याचा. साल आखाजी ते आखाजी असल्यामुळे अधिक मास आला की ते तेरा महिन्यांचं होतं. 2023 ची आखाजी 22 एप्रिलला होती आणि पुढची 10 मे 2024 ला, म्हणजे एका सालात 384 दिवस. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने पुन्हा तीच गत. सालदाराने तेराव्या महिन्याचे पैसे वेगळे मागितले. जिभाऊ म्हणाले, बापजाद्यांपासून धोंडा सालातच धरतात. बापजाद्यांच्या काळात पगाराबरोबर दादर-बाजरी, पोळ्याचं धोतर आणि पायताण मिळायचं, याची आठवण कुणी केली नाही. तासभर घासाघीस होऊन जिभाऊ अर्ध्या महिन्यावर आले. रक्कम बेटावदवाल्यापेक्षाही थोडी वर गेली. मला वाटलं जमलं.

तो उठला, हात जोडले आणि म्हणाला, ‘पैसा तं सम्दाच देतस जिभाऊ, पन रातनं पानी कोन भरी?’

आमच्या शेतावर थ्री-फेज वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते. रात्रपाळीच्या दिवसांत पिकाला पाणी द्यायचं म्हणजे बॅटरी घेऊन चिखलात उतरायचं; पायाखाली साप, आणि हल्ली बिबट्याची भीती. बेटावदच्या त्या शेतात सौर पंप बसला होता. तिथे पाणी दिवसा भरायचं होतं. टपरी, दाढीचं दुकान, दूधकेंद्र, कुठल्याही बातमीत सौर पंपाचा उल्लेख नव्हता. सगळे आकड्याच्या मागे होते.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी तो गेला. चार दिवसांनी चिमठाण्याकडचा एक तरुण जिभाऊंकडे बोलणीला आला. त्याने गोठा पाहिला, ट्रॅक्टर पाहिला, विहिरीत डोकावला, आणि रकमेचा विषय निघण्याआधीच विचारलं, सौरचा अर्ज भरलाय का. जिभाऊंनी माझ्याकडे बघितलं. सातबारा आणि आधारकार्ड घेऊन मी दुसऱ्या दिवशी शिंदखेड्याला गेलो, आणि तो तरुण पावती बघितल्यावरच इसार घेईन म्हणून घरी निघून गेला.