दिवस राहण्याआधी किडनीची फाईल काढा

‘लहानपणी तोंडावर, पायांवर सूज यायची. गोळ्या घेतल्या, बरं वाटलं.’ लग्न ठरताना एवढी गोष्ट किती जणी सांगतात? माहेरची माणसं म्हणतात, ‘झालं गेलं, आता कशाला उकरून काढायचं?’ आणि फाईल माहेरच्या पेटीतच राहते. मैत्रिणींनो, दिवस राहिल्यावर डॉक्टर सगळ्यात आधी हीच फाईल मागतात.

गरोदरपणात किडनीचं काम जवळजवळ दीडपट वाढतं. चांगली किडनी रक्त जास्त गाळते, म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन उलट खाली उतरतं. एरवी १.० आकडा आला तर लॅबच्या कागदावर तो नॉर्मलच दिसतो. पोटुशीच्या कागदावर मात्र तोच आकडा डॉक्टरांना काळजीत टाकतो. तेव्हा कागद बघून घरीच ‘सगळं ठीक’ म्हणून मोकळं होऊ नका.

किडनीचं दुखणं म्हणजे आई होणं संपलं, असं मुळीच नाही. क्रिएटिनिन किती, लघवीतून प्रथिनं किती जातात आणि बीपी आटोक्यात आहे का, यावर सगळं ठरतं. दुखणं हलकं असेल तर बहुतेकींचं नीट पार पडतं. जास्त असेल तर बाळ लवकर आणि कमी वजनाचं होण्याची, आईची किडनी आणखी बिघडण्याची भीती असते. म्हणून हे आधी विचारायचं, आणि डॉक्टर ‘हो’ म्हणेपर्यंत पाळणा लांबवायचा. बीपीच्या एनालाप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन अशा गोळ्या पोटातल्या बाळाला घातक ठरतात. त्या डॉक्टर बदलून देतात. आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. अंगदुखीला दुकानातून डायक्लोफेनॅक आणायची सवय मात्र आजच सोडा, बाई!

आपल्याकडे सिकलसेलही आहे, आणि तोही किडनीला इजा करतो. सिकलसेलचा आजार असणाऱ्या बाईनं लघवी आणि क्रिएटिनिन तपासून घेतलंच पाहिजे.

आता रस्त्याचं बघू. दिवाळीच्या सुमारास दिवस राहिले की बाळंतपण श्रावणात येतं. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, हे काय नव्यानं सांगायला हवं? सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या घरात. आदिवासी भागात आरोग्य केंद्राजवळ ‘माहेरघर’ असतं, तिथं आधीच येऊन राहता येतं. सोय चांगलीच आहे; पण किडनीच्या बाईला तेवढ्यानं भागत नाही. तिला सिझेरियन, रक्तपेढी आणि नवजात बाळाची खोली असलेला दवाखाना लागतो. गडचिरोलीचं महिला रुग्णालय, चंद्रपूरचं मेडिकल कॉलेज की थेट नागपूर, हे डॉक्टरांकडून पाचव्या महिन्यातच ठरवून घ्या. आठवा लागायच्या आत जवळच्या नातेवाइकाकडे मुक्काम हलवा. सासूबाई ‘एवढ्या लवकर कशाला?’ म्हणतील. त्यांना तपासणीला सोबत न्या, डॉक्टरच सांगतील.

२०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची खास तपासणी होते. आशाताईला सांगून जुनी फाईल घेऊन जा. बाळाला बाधू नये इतपत अॅस्पिरिन लागेल का, हे तिसरा महिना सरताना विचारा. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, लघवी कमी झाली, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

बाळंतपणानंतर दीड महिन्यानं पुन्हा क्रिएटिनिन आणि लघवी तपासायची. बाळाच्या बारशाच्या गडबडीत नेमकं हेच राहून जातं.