वहीतून पुस्तकाकडे : लिहिणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी

पैठण म्हटले की लोकांना पैठणी आठवते, नाथषष्ठीची यात्रा आठवते, फार तर जायकवाडीचे धरण. पण आमचे हे गाव फार जुन्या काळापासून लिहिणाऱ्यांचे गाव आहे. सातवाहनांच्या काळी हेच प्रतिष्ठान राजधानीचे शहर होते. हाल राजाच्या नावाने ओळखली जाणारी गाथासप्तशती संस्कृतात नाही, महाराष्ट्री प्राकृतात आहे. आणि तीत शेतकरी, त्यांच्या बायका, गावची तळी आणि गावच्या वाटा आहेत.

याच गावाशी गुणाढ्याची दंतकथा जोडलेली आहे. कथासरित्सागरात ती सविस्तर येते. गुणाढ्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा पैशाची भाषेत लिहिली आणि सातवाहन राजाकडे पाठवली. राजाने ती पिशाचांची भाषा म्हणून परत केली. मग गुणाढ्य डोंगरावर बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि आगीत टाकी. राजाला कळले तोवर सहा लाख श्लोक जळाले होते, एक लाख उरले. पुढे तेही मूळ रूपात टिकले नाहीत. आज आपल्याला ती कथा काश्मीरच्या सोमदेवाने आणि क्षेमेंद्राने अकराव्या शतकात केलेल्या संस्कृत ग्रंथांतून वाचावी लागते.

दंतकथा असली तरी व्यवहाराच्या दृष्टीने तीत दोन गोष्टी आहेत. गुणाढ्याने दुसरी प्रत ठेवली नव्हती. आणि लेखन नाकारले गेले ते भाषेवरून.

आमच्याकडे पूर्वी लोक अर्ज लिहून घ्यायला येत. जातीचा दाखला, सातबारा, निराधार योजना. आता त्यांतलेच काही जण पिशवीतून दोनशे पानी वही काढतात आणि विचारतात, "भाऊ, याचं पुस्तक व्हईल का?" कुणी निवृत्त शिक्षक असतो, कुणी एसटीतला वाहक, कुणी अंगणवाडीच्या ताई. नामांतराच्या लढ्यात मार खाल्लेली माणसे आता सत्तरीकडे गेली आहेत. त्यांच्या वह्या पत्र्याच्या पेटीत आहेत, आणि वाळवीला त्यांतला मजकूर वाचता येत नाही. म्हणून पहिले सांगणे हेच, की वहीची आजच झेरॉक्स काढा. एक संच लेकीच्या घरी ठेवा. हातात मोबाईल असलेल्या नातवाला प्रत्येक पानाचा फोटो काढायला लावा. पुस्तकाचे नंतर बघू.

आता भाषेचे. वह्या चाळताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. बोलताना जी बाई हसवते आणि रडवते, तीच लिहायला बसली की "प्रातःकाळी आम्ही मार्गस्थ झालो" असे लिहिते. कुणी शिकवले हे? शाळेनेच शिकवले असणार. माणसांच्या तोंडची बोली आहे तशी ठेवावी. निवेदन प्रमाण मराठीत असले तरी चालते, बोलीत असले तरी चालते, पण उसने नसावे. पैशाचीचा ठपका आपल्या साहित्यावरही येऊन गेला. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला तेव्हा त्यातले कितीतरी शब्द सुशिक्षित वाचकांना कळतच नव्हते. शब्द बदलले नाहीत, वाचकांनाच ते शिकून घ्यावे लागले.

लिहून झाले की एकदम पुस्तकाची घाई करू नये. आधी नियतकालिकात एखादे प्रकरण द्यावे. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेत 'अस्मितादर्श' चालवले. आधी 'अस्मिता', मग १९६८ पासून 'अस्मितादर्श'. किती लिहिते हात त्या त्रैमासिकाने घडवले! बेबी कांबळे यांनी फलटणला दुकान सांभाळत, घरच्यांच्या नजरेआड लिहिले, आणि ते कित्येक वर्षे तसेच दडवून ठेवले. 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली त्याचे पुस्तक झाले. आमच्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे. त्याहून अधिक त्यांच्या यजमानांनी!

मजकूर पाठवताना कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून लिहावे, किंवा युनिकोडमध्ये टाइप करून द्यावे. नाव, पत्ता, फोन पहिल्या पानावर. एकच लेख एकाच वेळी दोन संपादकांना देऊ नये. उत्तर आले नाही तर तीन महिन्यांनी एक साधे पत्र लिहावे, रोज फोन करू नये. संपादक मंडळीही नोकऱ्या सांभाळूनच हे काम करतात.

संपादकाने काही बदल सुचवला तर काय करावे? याचा मोठा दाखला आपल्या घरचाच आहे. १९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले आणि भाषणातला काही भाग गाळावा असे सुचवले. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने पुस्तकरूपात काढले. इंग्रजीतल्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या आणि १९३७ साली दुसरी आवृत्ती निघाली. मात्र हा दाखला सांगून शुद्धलेखनाच्या दुरुस्तीवर रुसणारे लेखक आम्ही पाहिले आहेत. विचार गाळायला सांगितला तर नाही म्हणावे. पाल्हाळ कमी करायला सांगितले तर आभार मानावे.

शुद्धलेखनाचा विषय निघाला म्हणून सांगतो. संत एकनाथांनी १५८४ साली, शके १५०६ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या प्रती गोळा करून पाठ शुद्ध केला, लोकांनी मध्येच घुसवलेल्या ओव्या काढल्या आणि यात कोणी आपली ओवी मिसळू नये अशी ताकीदही दिली. पैठणचे ते पहिले मुद्रितशोधक म्हणायला हरकत नाही, छपाई नव्हती तरी! आपण निदान तीन प्रुफे पाहावीत. एक स्वतः, एक जाणकाराकडून, आणि शेवटचे मोठ्याने वाचून. नावे, गावे, तारखा वेगळ्या तपासाव्यात. आत्मकथनात हयात माणसाचे नाव घालण्यापूर्वी त्याला विचारलेले बरे. नाही तर नाव बदलावे.

आता पैशाचे बोलू. इथे आमची माणसे फार फसतात. ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी ग्रॅच्युइटीतले पैसे एका प्रकाशकाला दिले. कागद केला नाही. ठरल्यापैकी निम्म्याच प्रती घरी आल्या, त्या खाटेखाली राहिल्या, आणि हक्क कुणाचा हे आजही त्यांना सांगता येत नाही. म्हणून कायदा थोडा माहीत असावा. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. आपण लिहिले की हक्क आपलाच. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तो हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरतात. तेव्हा "सर्व हक्क कायमचे" असा शब्द दिसला की पेन खाली ठेवावे. मुदत, प्रतींची संख्या, मानधनाचा टक्का, हिशेब कधी मिळणार आणि लेखकाला किती प्रती फुकट, एवढ्या पाच गोष्टी कागदावर हव्यात.

स्वतःच छापायचे असेल तर आधी हिशेब मांडा. डेमी आकारात १६ पानांचा एक फॉर्म धरतात, म्हणजे १२८ पानांचे पुस्तक ८ फॉर्मचे. उदाहरणादाखल समजू, की ५०० प्रतींना अक्षरजुळणीपासून बांधणीपर्यंत ४५,००० रुपये लागले. प्रत पडली ९० रुपयांना. किंमत ठेवली १८०. विक्रेत्याने ४० टक्के कमिशन घेतले तर आपल्या हाती येतात १०८. म्हणजे नुसत्या दुकानातून विकून ४१७ प्रती खपल्याशिवाय मुद्दलही सुटत नाही! त्यात भेट आणि अभिप्रायासाठी ५० प्रती जाणार, शंभरेक पडून राहणार. उरल्या ३५०. त्या सगळ्या दुकानातून गेल्या तर ३७,८०० येतात, म्हणजे ७,२०० चा खड्डा. त्यांतल्या १५० आपण स्वतः पूर्ण किमतीला विकल्या तर एकूण ४८,६०० होतात आणि खड्डा भरून थोडे उरते. आता डिजिटल छपाईत ५०-१०० प्रतीही निघतात. प्रत महाग पडते, पण लेकीच्या लग्नाचे पैसे अडकत नाहीत. पहिल्या पुस्तकाला आम्ही हाच मार्ग सुचवतो.

स्वतःचे पुस्तक विकायची लाज बाळगू नये. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या सुमारे ५०० प्रती सरकारने घ्याव्यात, असे पत्र बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५६ मध्ये पंतप्रधान नेहरूंना लिहिले होते. ती विनंती मान्य झाली नाही, आणि ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे तर वाचक चालत येतो. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपुरात, १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर पुस्तकांच्या दुकानांसमोर किती गर्दी असते! एखाद्या ओळखीच्या दुकानदाराकडे २० प्रती ठेवाव्यात आणि शेजारी स्वतः उभे राहावे.

ज्यांच्याकडे पैसेच नाहीत त्यांनी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेकडे पाहावे. अर्जाची मुदत दरवर्षी जाहीर होते. आयएसबीएन क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून फुकट मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

पुस्तक छापून झाल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने ३० दिवसांत प्रती पाठवायच्या असतात : कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईची सेंट्रल लायब्ररी, चेन्नईची कोनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. स्वतः छापले तर प्रकाशक आपणच. रजिस्टर्ड बुक पोस्टाची जुनी सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू केले आहे. ३०० ग्रॅमपर्यंतच्या पुस्तकाला सुरुवातीचा दर २० रुपये होता. खिडकीवर विचारून घ्यावे. चारही ठिकाणांच्या पावत्या एका पाकिटात घालून मूळ वहीबरोबर ठेवाव्यात.